घरातली लक्ष्मी रंगविणारे रावबहादुर धुरंधर



यंदाच्या स्मरणिकेत एखाद्या चित्रकाराचे चरित्र असावे असे बैठकीत ठरले आणि ते लिहिण्याचे काम माझ्या पदरात पडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चित्रकलेतले मला उंबऱ्यावरच्या रांगोळीपलीकडे काही येत नाही. तेव्हा रंगांची शास्त्रीय चर्चा माझ्याकडून होणार नाही. पण ज्या चित्रकाराने आयुष्यभर आपल्यासारख्या बायकाच काढल्या, नऊवारी नेसलेल्या, पाट्याशी बसलेल्या, हळदीकुंकवाला निघालेल्या, त्याच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार आपल्यालाही आहे असे मला वाटते. ते चित्रकार म्हणजे रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर.

ते आपल्या बीडकडचे नव्हेत. त्यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूरला झाला. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे मुंबई-पुण्याकडचे वारे इकडे उशिराच पोचत. तरीही त्यांची चित्रे आपल्या इकडच्या घरांत आली असणार, ती कशी ते पुढे सांगते. जातीने ते पाठारे प्रभू. वडील विश्वनाथराव कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत होते. घर खाऊनपिऊन सुखी, पण मुलाने चितारी व्हावे असे त्या काळच्या कोणत्या नोकरदार घराला वाटले असेल? मुलाला मात्र लहानपणापासून हातात खडू आला की भिंत दिसे.

कोल्हापुरात त्या वेळी आबालाल रहिमान नावाचे एक मोठे चित्रकार होते. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आले होते. पुढे शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, आणि कोटितीर्थाच्या काठी राहून ते पाण्याची, झाडांची, उन्हाची चित्रे काढीत राहिले. त्यांचे काम पाहून धुरंधरांच्या मनाने घेतले की आपणही हेच शिकायचे. एका गावात एक जरी जाणता कलावंत असला तरी दुसऱ्या मुलाला वाट दिसते, ती अशी.

८ जानेवारी १८९० हा दिवस धुरंधरांनी जन्मभर लक्षात ठेवला. त्या दिवशी ते जे. जे. स्कूलमध्ये गेले आणि मग तिथून ३१ जानेवारी १९३१ ला निवृत्त होऊनच बाहेर पडले. आधी विद्यार्थी, मग शिक्षक, मग मुख्य शिक्षक, आणि शेवटी काही काळ संस्थेचे हंगामी संचालक. हिंदी माणसाला ती खुर्ची तोवर कधी मिळाली नव्हती. या सगळ्या वर्षांची हकीकत त्यांनी स्वतःच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहिली. ते पुस्तक १९४० साली निघाले. कोणाला मिळाल्यास जरूर वाचावे; भाषा सरळ आहे, आपल्याला समजते.

त्या वेळी शाळेचे मुख्य जॉन ग्रिफिथ्स नावाचे इंग्रज गृहस्थ होते. हे नाव आपण मराठवाड्यातल्या बायकांनी लक्षात ठेवावे असे आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रे ओलीने आणि वटवाघळांनी खराब होत होती. १८७२ पासून पुढे बारा-तेरा वर्षे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जात आणि भिंतीवरच्या चित्रांच्या नकला उतरवून घेत. त्यांतल्या पुष्कळशा नकला विलायतेला नेल्या आणि तिथे आग लागून जळाल्या, ही वाईट गोष्ट. पण त्या अंधारात बसून ज्या मुलांनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या बायकांचे केस, कमरा, बोटांची वळणे उतरविली, त्यांचे हात तयार झाले. धुरंधर शाळेत आले तेव्हा ते काम संपले होते. मात्र ज्या गुरूने अजिंठ्यात इतकी वर्षे घालविली त्याच्याच नजरेखाली ते शिकले. ग्रिफिथ्सना हा मुलगा फार आवडे. त्यांनी त्याला विलायती पद्धतीची रेखाटणी शिकविली, म्हणजे जसे समोर दिसते तसेच, छाया-प्रकाशासह काढायचे. पण काय काढायचे हे मात्र शिष्याने आपल्या घरातूनच उचलले.

विद्यार्थी असतानाच घरकामात गुंतलेल्या बायकांचे त्यांचे एक चित्र नावाजले गेले. आपण जरा विचार करावा. त्या काळी मोठी चित्रे म्हणजे राजेरजवाडे, गोरे साहेब, नाहीतर रामायण-महाभारत. राजा रविवर्म्यांनी देवींना नऊवारी नेसवून घरोघर आणले, त्यांचे ते उपकार आहेतच. पण त्यांची बाई सरस्वती असते, दमयंती असते, शकुंतला असते. धुरंधरांची बाई पुष्कळदा कोणीच नसते. ती कुणाच्या तरी घरातली सून किंवा सासू असते, इतकेच. घरकाम हे चित्र काढण्याजोगे काही आहे, हे एका पंचविशीतल्या मुलाच्या मनात यावे याचे मला फार नवल वाटते. आमच्या घरातल्या पुरुषमाणसांना तर ते काम झाल्याशिवाय दिसत नाही, आणि झाल्यावरही दिसत नाही.

१८९५ साली मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक धुरंधरांना मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी चित्रकार. त्यांच्या त्या काळातल्या एका गाजलेल्या चित्राचा विषय लक्ष्मी घरात येण्याचा आहे, तिला तू आलीस का म्हणून विचारण्याचा. हा प्रसंग आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा आणताना आपण उंबऱ्यापासून कुंकवाची पावले काढतो, एकीने मुखवटा धरायचा, दुसरीने ताट वाजवायचे, आणि घरभर फिरवून लक्ष्मीला विचारत-सांगत नेायचे. पाठारे प्रभूंची रीत थोडी निराळी असेल, पण गोष्ट तीच. साहेबांच्या प्रदर्शनात, विलायती पद्धतीने रंगविलेले, आणि विषय आपल्या माजघरातला!

आता धुरंधरांच्या संसाराकडे वळते, कारण त्यांच्या चित्रांचे मूळ मला तिथेच दिसते.

त्यांची पहिली पत्नी बापूबाई. लग्नाला फार वर्षे झाली नव्हती तोच १८९६ साली मुंबईत प्लेग आला. आपल्या आजी-पणजींनी प्लेगच्या गोष्टी सांगितलेल्या आहेत. उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या. मुंबईत हजारो माणसे मेली, लाखोंनी शहर सोडले. त्या साथीने बापूबाईंनाही नेले. धुरंधर तेव्हा तिशीचे, शाळेत नुकतेच शिक्षक झालेले. पुढे त्यांचे दुसरे लग्न झाले, ते गंगूबाईंशी.

गंगूबाईंची त्यांनी किती चित्रे काढली याला सुमार नाही. वेळोवेळी काढलेल्या त्यांच्या रेखाटनांची एक वहीच धुरंधरांनी जपली आणि तिला इंग्रजीत नाव दिले, त्याचा अर्थ माझी पत्नी कलेत, असा. त्या काळात घरंदाज बाई परक्या चित्रकारासमोर बसत नसे. पैसे देऊन कोणाला बसवावे तर त्यातही लोकापवाद. रविवर्म्यांनासुद्धा समोर बसायला बायका मिळविण्यास त्रास पडला, म्हणून त्यांना गाणाऱ्या बायकांकडे जावे लागे. धुरंधरांनी घरातच पाहिले. पदर खांद्यावरून कसा येतो, वाकल्यावर काष्टा कसा ताणतो, मूल कडेवर असले की एक खांदा कसा वर जातो, हे त्यांना रोज दिसत होते. मग तीच वळणे त्यांच्या लक्ष्मीला आली, सीतेला आली, बाजारात निघालेल्या बाईलाही आली.

त्यांची चित्रे पाहताना मी मुद्दाम नेसण्याकडे पाहते. पुरुषांनी काढलेल्या बायकांच्या नऊवारीत बहुधा कुठेतरी चूक असते. कासोटा नसतोच, किंवा निऱ्या अशा पडतात की ती बाई दोन पावले चालली तर लुगडे सुटेल. धुरंधरांच्या चित्रातली बाई चालू शकते, विहिरीवरून पाणी ओढू शकते. हे निव्वळ शाळेत शिकून येत नाही. कोणीतरी त्यांच्या डोळ्यांपुढे वर्षानुवर्षे नेसत होते, वावरत होते.

आणि माझ्या मनात असेही येते, की गंगूबाईंना किती वेळ बसावे लागत असेल? चित्रकाराला घाई करून चालत नाही. मान हलवू नको, हात खाली नको. इकडे चुलीवर भात, तिकडे पाळण्यात मूल, ओसरीवर पाहुणे. त्या बसल्या तेवढा वेळ त्यांचे काम कोणी केले असेल? बसल्या नसत्या तर ही चित्रे झाली नसती. धुरंधरांना सरकारने रावबहादुर केले, पदके दिली, सगळे योग्यच. गंगूबाईंच्या वाट्याला त्या वहीवरचे नाव आले, आणि तिथेही पत्नी एवढेच. तरी मी म्हणते, पुष्कळ कलावंतांनी एवढेही केले नाही. आपल्या बीडच्या कंकालेश्वराच्या भिंतींवर किती सुंदर स्त्रिया कोरलेल्या आहेत! त्या कोणाला पाहून कोरल्या, ते आज कोण सांगणार?

धुरंधरांचा हात फार जलद होता आणि त्यांना कामाचा कंटाळा नव्हता. शाळा शिकवावी, उरलेल्या वेळात घरी तैलचित्रे करावीत, पुस्तकांना चित्रे काढून द्यावीत, रस्त्याने जाताना दिसेल तो माणूस टिपून घ्यावा. मुंबईतले फेरीवाले, पारशी बावाजी, कोळणी, भटजी यांची गमतीदार चित्रे काढून त्यांनी पोस्टकार्डे केली आणि ती लोकांनी हौसेने घेतली. एडवर्ड्‌स नावाच्या साहेबाने मुंबईच्या गल्लीबोळांवर पुस्तक लिहिले, त्यात चित्रे धुरंधरांची. १९२० साली रॉथफेल्ड नावाच्या साहेबाने हिंदुस्थानातल्या स्त्रियांवर पुस्तक काढले, त्यातही धुरंधरांचीच. या पुस्तकात जातीजातींच्या, प्रांताप्रांतांच्या बायका आहेत, आणि प्रत्येकीचे लुगडे, दागिने, केस बांधण्याची तऱ्हा निराळी. चित्रे सुरेख आहेत यात शंका नाही. पण साहेब लोकांनी आपल्याला पेटीतल्या फुलपाखरांसारखे ओळीने मांडले आहे, असेही ती पाहताना वाटते. खाली जात लिहिली आहे, नाव नाही. त्या मानाने घरच्या वहीतली गंगूबाई मला जास्त जिवंत वाटते.

एका पुस्तकाविषयी मात्र मला अगत्याने सांगायचे आहे. किंकेड नावाचे एक इंग्रज न्यायाधीश मुंबई इलाख्यात होते, त्यांना मराठी उत्तम येई. आपण श्रावणात ज्या कहाण्या वाचतो, आदित्य राणूबाईची, सोमवारची, नागपंचमीची, त्या त्यांनी इंग्रजीत केल्या. ते पुस्तक १९१४ साली निघाले, आणि त्याला चित्रे काढली धुरंधरांनी. त्यात माहेर नसलेल्या धाकट्या सुनेचा भाऊ होऊन येणारा नागोबा आहे. सोमवतीची सोमा परटीण आहे. दिव्याच्या अवसेची ती सून आहे, जिने स्वतः खाऊन उंदरांवर आळ घातला, मग उंदरांनी सूड म्हणून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकली, तिला घराबाहेर काढले, आणि शेवटी गावातले दिवे आपसांत बोलले तेव्हा तिचा निर्दोषपणा राजाला कळला. विलायतेतल्या मुलांनी या गोष्टी वाचल्या असतील. आपल्या आज्यांना ठाऊकही नसेल, की त्या देवापुढे तांदळाचे चार दाणे हातात धरून जे ऐकतात ते सातासमुद्रापलीकडे गेले आहे, आणि तिथल्या मुलांना नऊवारीतली सून कशी दिसते ते कोल्हापूरच्या एका माणसाने दाखविले आहे. कहाण्या पुरुषांच्या पोथ्यांतल्या नव्हेत. बायकांनी बायकांना सांगत सांगत त्या टिकविल्या. धुरंधरांनी त्या लहानपणी घरात ऐकल्याच असणार. ऐकलेल्या कहाण्यांची चित्रे काढणे आणि वाचलेल्यांची काढणे यात फरक पडतो.

आता ती चित्रे आपल्याकडे कशी पोचली तेही सांगते. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तिथे दगडावर चित्र उतरवून रंगीत प्रती काढीत, एकेका रंगाला एकेक निराळा दगड, आणि तोच कागद पुनःपुन्हा दाबून सगळे रंग एकावर एक बसवायचे. प्लेगमुळे तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि कर्ज झाल्यामुळे एका जर्मन गृहस्थास विकला. रविवर्मा १९०६ साली वारले, तरी छापखाना चालू होता. त्यांच्यामागे तिथे चित्रे देणाऱ्यांत धुरंधर होते. कंपन्यांच्या दिनदर्शिकांवरही त्यांची देवादिकांची चित्रे येत, बाळाच्या पोटदुखीवरच्या ग्राइप वॉटरच्यासुद्धा. यात्रेच्या बाजारात असली चित्रे थोड्या पैशांत मिळत. परळीच्या, अंबाजोगाईच्या यात्रेतून कोणी आणून काचेत बसविली असतील, देवघरात लावून हळदीकुंकू वाहिले असेल. हळदीकुंकवाचे बोट लागून लागून ज्यांचे पाय दिसेनासे झाले आहेत अशा जुन्या तसबिरी अजून काही घरांत आहेत. त्यातली एखादी धुरंधरांची असली तर नवल नाही. कोपऱ्यात सही दिसते का ते जरूर पाहावे.

मोठी कामेही त्यांनी पुष्कळ केली. शिवछत्रपतींच्या चरित्रातले प्रसंग रंगविले. औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि चित्रांचे भोक्ते. त्यांच्या औंधच्या संग्रहालयात धुरंधरांची चित्रे आहेत. १९२९ च्या सुमारास नव्या दिल्लीच्या सचिवालयात कायदेमंत्र्यांच्या दालनाच्या भिंतींवर हिंदू-मुसलमानांच्या न्यायदानाची चित्रे काढण्याचे काम त्यांना मिळाले. त्याची सविस्तर माहिती पुस्तकांतून आहे, मी इथे लांबवीत नाही.

टीकाही झाली. बंगालकडचे काही चित्रकार आणि जाणकार म्हणत, की मुंबईवाले साहेबांची नक्कल करतात, छाया-प्रकाश हे काही आपले नव्हे, आपले ते अजिंठ्याचे आणि मोगलांचे. यात तथ्य किती ते विद्वानांनी ठरवावे. मला एवढेच दिसते की धुरंधरांच्या हातातली कुंची विलायती असली तरी पाट, तांब्या, समई, खण आणि कपाळावरची चिरी इथलीच होती.

धुरंधरांना एक मुलगी झाली, ४ जानेवारी १९१२ रोजी. कोल्हापूरच्या अंबाबाईचे नाव तिचे, अंबिका. बापाच्या रंगांच्या डब्यांत ती वाढली. त्या काळी मुलींनी फार तर भरतकाम शिकावे. धुरंधरांनी मुलीला आपल्याच शाळेत घातले. वर्गात मुलगे पुष्कळ, मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १९३१ साली वडील शाळेतून निवृत्त झाले आणि त्याच साली अंबिकेने तिथली पदविका मिळविली. तशी पदविका घेणाऱ्या अगदी पहिल्या मुलींत तिची गणना होते. पुढे तिने वडिलांच्या जोडीने चित्रे काढली, प्रदर्शनांत मांडली. आई जिथे समोर बसत होती, तिथे मुलगी कुंची घेऊन उभी राहिली. या एका पिढीत केवढा पल्ला झाला, आणि तो गंगूबाईंनी डोळ्यांनी पाहिला असेल तर त्यांना काय वाटले असेल, हे मी पुष्कळदा मनाशी योजून पाहते.

रावबहादुर धुरंधर १ जून १९४४ रोजी मुंबईस वारले. वय सत्त्याहत्तर. घरात चित्रांचा ढीग होता. मोठी तैलचित्रे राजेरजवाड्यांकडे आणि संग्रहालयांत गेली होती, पण रेखाटने, वह्या, जलरंगातली लहान चित्रे घरीच राहिली. ती अंबिकाबाईंनी सांभाळली. मुंबईची दमट हवा, वाळवी, पावसाळे. कागद टिकविणे म्हणजे काय ते ज्यांनी लग्नातले जुने फोटो जपले आहेत त्यांना विचारावे. अंबिकाबाईंना दीर्घायुष्य लाभले. त्यांनीही आपल्या आठवणी लिहिल्या, त्या ‘माझी स्मरणचित्रे’ या नावाने पुस्तकरूपाने आल्या. २००९ च्या जानेवारीत त्या वारल्या. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा घरी जपून ठेवलेली ही कागदी चित्रेही लोकांना पाहायला मिळाली.